पोपचे पद आणि त्यांचा अधिकार



8 मे 2025 रोजी लिओ चौदावे यांची पोप म्हणून निवड झाली, तेव्हा आपल्या घरांतील मुलानातवंडांनी विचारले : पोप म्हणजे ख्रिस्ती लोकांचे मुख्य रब्बी काय? प्रश्न सोपा असला, तरी त्याचे उत्तर 'होय' असे देता येत नाही. रब्बीचा मान त्याच्या विद्वत्तेवर उभा असतो आणि एका रब्बीचा निर्णय दुसरा रब्बी अमान्य करू शकतो. कोकणातील आपल्या पूर्वजांकडे तर शतकानुशतके रब्बीच नव्हते. धर्मविधी काजी चालवीत; तंट्यांचा निवाडा मुकादम आणि जमात मिळून करीत. एकाच व्यक्तीच्या ठायी साऱ्या धर्मसंस्थेची सत्ता असावी, ही कल्पना आपल्या परंपरेत नाही.

पोप हे मूलतः रोमचे बिशप. येशूने आपला शिष्य पेत्र याला स्वर्गराज्याच्या किल्ल्या देण्याचे वचन दिले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तो अधिकार पेत्रानंतर रोमच्या बिशपांकडे चालत आला, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट ख्रिस्ती हा अधिकार मानीत नाहीत. आपल्या पूर्वजांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिणारे मुंबईचे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे प्रॉटेस्टंटच होते.

पोपची निवड ऐंशी वर्षांखालील कार्डिनल गुप्त मतदानाने करतात आणि तीस दोन तृतीयांश मते लागतात. या वेळी 133 कार्डिनल मतदानास बसले होते. निवडीनंतर मात्र पोपच्या निर्णयावर कोठेही अपील नाही. चर्चचे कायदे तेच करतात, अंतिम न्यायही तेच देतात. मुंबईचे आर्चबिशपदेखील रोमहूनच नेमले जातात.

तरीही 'पोप कधीच चुकत नाहीत' असे कॅथलिक मानतात, ही समजूत खरी नाही. 1870 च्या व्हॅटिकन परिषदेने ठरविले ते एवढेच : श्रद्धा किंवा नीती यांविषयी, साऱ्या चर्चला बंधनकारक म्हणून, पोप आपल्या सर्वोच्च पदावरून एखादी शिकवण जाहीर करतात, तेव्हा ती प्रमादरहित असते. त्यानंतर अशी घोषणा उघडपणे एकदाच झाली, 1950 मध्ये, मरियेच्या स्वर्गारोहणाविषयी. पोपचे प्रवचन, मुलाखत किंवा राजकीय मत यांत मोडत नाही.

आता आपल्याशी निगडित भाग सांगते. मुंबईच्या रुग्णालयात माझ्यासह काम करणाऱ्या अनेक परिचारिका कॅथलिक होत्या. मरणोन्मुख बालकाला संकटकाळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हा नियम मला त्यांच्याकडून समजला. त्यांच्या दृष्टीने ती करुणाच होती. परंतु याच नियमातून इटलीत एका यहुदी घरावर घाला आला. बोलोन्या येथील मोर्तारा कुटुंबातील एदगार्दो तान्हा असताना आजारी पडला. तो दगावेल या भीतीने मोलकरणीने त्याला गुपचूप बाप्तिस्मा दिला. मूल बरे झाले. पुढे ही गोष्ट फुटली आणि जून 1858 मध्ये सहा वर्षांच्या एदगार्दोला शिपायांनी आईबापांच्या घरातून नेले. बाप्तिस्मा झालेले मूल यहुदी घरात वाढू नये, असा कायदा होता. देशोदेशींहून विनवण्या झाल्या. पोप पायस नववे यांनी मूल परत दिले नाही. तो मोठेपणी कॅथलिक धर्मगुरू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या काळी पोप मध्य इटलीचे राजेही होते. नियम धर्माचा होता, पण दारात उभे होते ते राज्याचे शिपाई. 1870 मध्ये रोमही पोपच्या हातून गेले. 1929 च्या करारानंतर उरले ते अवघे 44 हेक्टरांचे व्हॅटिकन.

सैन्य आणि प्रदेश गेल्यावर पोपचा शब्द दुबळा झाला काय? उलट, 28 ऑक्टोबर 1965 रोजी परिषदेने 2221 विरुद्ध 88 मतांनी संमत केलेला जाहीरनामा पोप पॉल सहावे यांनी प्रसिद्ध केला. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येत नाही, असे त्यात म्हटले. एका केंद्राचा शब्द जगभरच्या धर्मशिक्षणाला लागू होतो, म्हणून हा बदल दूरवर पोहोचला. 1986 मध्ये जॉन पॉल दुसरे रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले. 2000 मध्ये त्यांनी येरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी प्रार्थना केली.

हा केवळ परक्यांचा इतिहास नव्हे. या देशात आल्यावर आपल्याच मुलामुलींच्या विवाहांच्या वेळी आपल्या यहुदीपणाविषयी शंका घेतली गेली. ती शंका बोचली, कारण तिच्यामागे विवाह अडविण्याची कायदेशीर सत्ता होती. आपले लोक धरण्यास बसले आणि 1964 मध्ये क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला, तेव्हा वाट मोकळी होऊ लागली. म्हणून कोणत्याही धर्माच्या पदाविषयी मुलांनी विचारले, तर त्या पदाची वस्त्रे आणि सिंहासन सांगून थांबू नका. त्या पदावरील माणूस चुकला, तर दाद कोणाकडे मागायची, हेही त्यांना सांगा.