चिपच्या पोटात (भाग ९) : मापटं लहान, पोतं मोठं

टेबलावर ४के पडद्याला जोडलेला एक बोर्ड होता. व्हिडिओ सुरू केला की चित्र स्वच्छ. त्यावर सबटायटल्सचा थर आला तरी स्वच्छ. मग मेनू उघडला, म्हणजे तिसरा थर आला, की चित्र मध्येच फाटायचं आणि पडद्यावर आडव्या रेघा थरथरायच्या. मेनू बंद केला की सगळं पूर्ववत. मे महिना होता, पुण्यातली दुपार; चिप तापतेय असंच आम्ही धरून चाललो. पंखा लावला, चिपवरची थंड ठेवणारी पट्टी बदलली. दोन दिवस असे गेले. दोष ड्रायव्हरच्या एका ओळीत होता, आणि त्या ओळीचा रिव्ह्यू मीच केला होता.

चिपमधल्या बसचं, म्हणजे मेमरीशी डेटाची ने-आण करणाऱ्या वाटेचं, क्लॉक कसं वाढतं-उतरतं, हे गेल्या आठवड्यात ओझरतं आलं होतं. आज तिथूनच पुढे जाऊ. कालव्याचं आवर्तन सुटायच्या आधी शेतकरी पाणी-मागणीचे अर्ज भरतात, अर्जांची बेरीज होते आणि त्या हिशोबाने दार उचललं जातं. लिनक्स कर्नलमध्ये जवळजवळ हेच घडतं. पडदा चालवणारा भाग, ग्राफिक्स, कॅमेरा, प्रोसेसर, प्रत्येक जण आपल्याला मेमरीपर्यंत किती बँडविड्थ लागेल ते सांगतो: सरासरी किती आणि कमाल किती. सरासऱ्यांची बेरीज होते, कमाल मागण्यांमधली सगळ्यांत मोठी घेतली जाते, आणि या दोहोंत जे जास्त असेल त्याला बसच्या रुंदीने भागून क्लॉकचा वेग ठरतो. २०१९ साली कर्नलच्या ५.१ आवृत्तीत ‘इंटरकनेक्ट’ नावाची चौकट आली ती याच कामासाठी. दार जास्त उचललं तर बॅटरी वाया जाते, कमी उचललं तर शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही. पडदा हे असं शेवटचं शेत आहे. त्याला सेकंदाला साठ वेळा चित्र हवंच असतं, थांबायची सोय नसते.

आता आमच्या बोर्डावरच्या पडद्याचा हिशोब. एका थराची रुंदी ३८४० ठिपके, उंची २१६०, दर ठिपक्याला ४ बाइट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला की १,९९,०६,५६,००० बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण २०० कोटी. दोन थरांचे ३,९८,१३,१२,०००. तीन थरांचे ५,९७,१९,६८,०००. बस १६ बाइट रुंद असेल तर क्लॉक अनुक्रमे १२४, २४९ आणि ३७३ मेगाहर्ट्झ हवं.

पण ३२ बिटांच्या बिनचिन्ह संख्येत मावणारा सगळ्यांत मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५ आहे. तिसऱ्या थराचं उत्तर त्यापलीकडे जातं. मग ते गाडीच्या मीटरसारखं शून्याला वळसा घालतं (यालाच ओव्हरफ्लो म्हणतात) आणि उरतात १,६७,७०,००,७०४. सोळाने भागा: १०५ मेगाहर्ट्झ. तीन थरांसाठी मागितलेलं क्लॉक एका थराच्या क्लॉकपेक्षाही कमी! बसवर इतरांचीही थोडी मागणी होती म्हणून पडदा पूर्ण काळा पडला नाही, नुसता फाटला.

ड्रायव्हरमधली ही गुणाकाराची ओळ वाचताना मी फसलो ते डाव्या बाजूमुळे. उत्तर ज्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं ते यू-६४, म्हणजे ६४ बिटांचं होतं. ते पाहून मी मनाशी म्हटलं, जागा भरपूर आहे, आणि पुढे सरकलो. सी भाषेचा नियम मात्र वेगळा आहे. गुणाकार कोणत्या रुंदीत व्हायचा हे गुणल्या जाणाऱ्या संख्या ठरवतात. उत्तर कुठे जाणार याच्याशी गुणाकाराला काही देणंघेणं नसतं. उजवीकडच्या सगळ्या संख्या ३२ बिटांच्या असतील तर गुणाकार ३२ बिटांतच होतो, वरचं सांडतं, आणि उरलेलं ६४ बिटांच्या जागेत अलगद ठेवलं जातं. धान्य मोजायचं मापटं लहान असेल तर खाली पोतं कितीही मोठं धरा. जे मापट्यातून आधीच सांडलं ते पोत्यात येणार नाही.

उपाय एका शब्दाचा आहे: पहिल्याच संख्येला यू-६४ करून घ्यायचं (याला कास्ट म्हणतात), म्हणजे पुढचा प्रत्येक गुणाकार रुंद मापात होतो. पण कास्ट कुठे बसलाय ते पाहावं लागतं. संपूर्ण गुणाकार कंसात घालून त्या कंसाला यू-६४ केलेलं मी अनेक पॅचमध्ये पाहिलं आहे. दिसायला ती दुरुस्ती वाटते, प्रत्यक्षात सांडून झाल्यावर मोठं भांडं आणल्यासारखं आहे. कंपाइलर अशा ठिकाणी सहसा गप्प राहतो, कारण भाषेच्या दृष्टीने बिनचिन्ह संख्येने वळसा घालणं ही चूकच नाही.

मला या दोषाची खरी भीती वाटते ती यातून येणाऱ्या उत्तरामुळे. शून्य आलं असतं, किंवा यंत्र कोसळलं असतं, तर कुणीही पहिल्या दिवशी पकडलं असतं. पण १०५ मेगाहर्ट्झ हा आकडा बसच्या क्लॉकला अगदी शोभणारा आहे. लॉगमध्ये तो माझ्या डोळ्यांसमोरून कित्येकदा गेला आणि एकदाही खटकला नाही. म्हणून आता अशा ओळीचा रिव्ह्यू करताना मी कागद घेतो. प्रत्येक नावाशेजारी त्याचं एकक लिहितो: बाइट, किलोबाइट, हर्ट्झ, किलोहर्ट्झ. इंटरकनेक्टच्या चौकटीत मागणी सेकंदाला किलोबाइट या एककात, ३२ बिटांत द्यायची असते. तिथे कुणी बाइट दिले तर हजारपटीची चूक होते आणि तीही गुपचूप. मग हार्डवेअरच्या माहितीपत्रकातले सगळ्यांत मोठे आकडे घालतो आणि पायरीपायरीने, मधला प्रत्येक बेरीज-गुणाकार हाताने करतो. वेळ लागतो. पण पॅच पाठवणाऱ्याने ज्या पडद्यावर चाचणी घेतलेली असते तो बहुधा १९२० बाय १०८० चा असतो, आणि त्या पडद्यावर तीन थरांचे मिळून १५० कोटी बाइटही होत नाहीत. चाचणी प्रामाणिकपणे पास झालेली असते.

कर्नलमध्येच घडलेलं एक उदाहरण सांगतो. २०२० मध्ये या चौकटीत एक सोय आली: यंत्र सुरू होताना सगळे ड्रायव्हर जागे होईपर्यंत बस कमाल वेगाने चालू ठेवायची, म्हणजे ज्यांनी अजून अर्जच केलेला नाही त्यांचं पाणी तुटणार नाही. कल्पना उत्तम. ‘कमाल’ म्हणून आकडा ठेवला तो चिन्हासह ३२ बिटांतला सगळ्यांत मोठा: २,१४,७४,८३,६४७ किलोबाइट. क्वालकॉमच्या काही चिपचे ड्रायव्हर हा आकडा हजाराने गुणून बसच्या रुंदीने भागत. हिशोब ६४ बिटांत होता, त्यामुळे तिथे काही सांडलं नाही. पण मागितलेल्या वेगाच्या जवळचा, क्लॉकला प्रत्यक्षात देता येईल असा वेग सांगणारं कर्नलमधलं फंक्शन ‘लाँग’ या प्रकारात उत्तर देतं, आणि ३२ बिटांच्या प्रोसेसरवर लाँग ३२ बिटांचाच असतो.

बस ४ बाइट रुंद धरून मी हा हिशोब कागदावर केला. भागाकार येतो ५३,६८७ कोटी हर्ट्झच्या आसपास. त्याचे खालचे ३२ बिट तेवढे ठेवले आणि चिन्हासह वाचले तर उत्तर निघतं: उणे २५०. सगळ्यांत जास्त वेग मागितला आणि हातात पडली ऋण संख्या. त्यातून या फंक्शनमध्ये ऋण उत्तर म्हणजे त्रुटीचा क्रमांक समजला जातो. दुरुस्ती छोटी होती: क्लॉककडे पाठवण्याआधी वेगाला वरची मर्यादा घालणं. त्याच सोयीमुळे फेअरफोन २ हा फोन सुरू होतानाच अडकत असल्याचंही समोर आलं. त्याच्या चिपसाठी सुरुवातीचा हा वेग वाढवणंच मागे घेतलं गेलं. तिथे प्रश्न ओव्हरफ्लोचा नव्हता, वेग वाढवण्याचाच होता. रिव्ह्यूमध्ये ‘कमाल’ हा शब्द दिसला की मी आता विचारतो, कोणाची कमाल? व्हेरिएबलची की तांब्याच्या तारेची?

मर्यादा घालतानाही एक सापळा आहे. दोन संख्यांतली लहान निवडणारं ‘मिन-टी’ नावाचं मॅक्रो कर्नलमध्ये सर्रास वापरतात. त्याला प्रकार सांगावा लागतो, आणि ते आधी दोन्ही संख्या त्या प्रकारात कापून घेतं, तुलना नंतर करतं. तिथे यू-३२ लिहिलं तर आमचे ५९७ कोटी आधी १६८ कोटी होतात आणि मर्यादेखालून ऐटीत निघून जातात. पहारेकऱ्याच्या हातातच लहान मापटं! जिथे मर्यादा घालणं बरोबर नाही, तिथे २०१८ पासून कर्नलमध्ये असलेली ‘चेक-मल-ओव्हरफ्लो’सारखी साधनं वापरावीत, गुणाकार मावला नाही तर ती तसं सांगतात, आणि ड्रायव्हरला त्रुटी परत करता येते.

एवढं कळल्यावर काही जण आधी भागाकार करून घेतात, म्हणजे आकडा लहान होईल आणि ओव्हरफ्लोच टळेल. पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो, हे तेव्हा विसरलं जातं. क्वालकॉमच्याच दुसऱ्या प्रकारच्या चिपमध्ये हेही घडलं आहे: एखाद्या घटकाची मागणी हार्डवेअरच्या एका एककापेक्षा कमी असली की भागून शून्य व्हायची, म्हणजे अर्ज केलेला असूनही केला नाही असंच धरलं जायचं. तिथे केलेली दुरुस्ती मला आवडते. मागणी शून्य नसेल तर निदान एका एककाची तरी नोंद करायची.

आमच्या बोर्डाची ओळ दुरुस्त झाली ती एका कास्टने. त्या संध्याकाळी तीन थर लावून मेनू दहा-बारा वेळा उघडला-मिटला. लॉगमध्ये ३७३ आलं, चित्र हललं नाही. पंखा मात्र तसाच चालू राहिला होता. तो बंद केला.

पुढच्या आठवड्यात : क्लॉक वाढवण्याआधी व्होल्टेज का वाढवावं लागतं, आणि उतरवताना क्रम उलटा का.