आकड्यांची भाषा

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले. पुढे नाशिकच्या घराघरांतही मोडेमची ती किरकिर ऐकू येऊ लागली. परदेशी गेलेल्या मुलाचे पत्र आता क्षणात यायचे; पण पडद्यावर एखादा आकडा उभा राहिला, की आईचा जीव टांगणीला लागे!

वास्तविक विंडोजचा तो आकडा म्हणजे दुखण्याचे नावच. ६८० म्हणजे डायल टोन नाही. रिसीव्हर कानाला लावावा, तार नीट बसवावी. ६७६ म्हणजे पलीकडची लाइन गुंतलेली, जरा थांबावे. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. फिरवलेला क्रमांक तपासावा. ६९१ म्हणजे बहुधा नाव किंवा परवलीचा शब्द चुकला. जोडणी मध्येच तुटली, तर पावसाने तारेत ओल तरी शिरलेली असे, नाहीतर माजघरात आजींनी दुसरा फोन उचललेला असे!

अमेरिकेत एओएलनेही ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी थांबवली. आपला मोडेम तर केव्हाच माळ्यावर गेला. धडा मात्र उरला आहे. यंत्रावर चिडण्याआधी, ते काय सांगते आहे ते ऐकावे.