गाळले ते गेले कुठे?

हैदराबादजवळचे पटनचेरू हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र. तेथील सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी ज्या सामायिक केंद्रात शुद्धीकरणासाठी जात असे, तेथून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या जोआकिम लार्सन यांनी सहकाऱ्यांसह तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष चक्रावून टाकणारा होता. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे आपल्या परिचयाचे प्रतिजैविक त्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. आणि हे पाणी प्रक्रिया केलेले होते!

औषधे, संप्रेरके, कीटकनाशके यांच्या अशा अंशांना शास्त्रज्ञ ‘उदयोन्मुख प्रदूषके’ म्हणतात. एरवी हे विशेषण आपण होतकरू गायकांसाठी राखून ठेवतो. उकळण्याने ही द्रव्ये सहसा जात नाहीत. सांडपाण्यातील मैला पचवणारे जिवाणूही यांतील अनेकांपुढे हात टेकतात.

मग उपाय उरतो तो पटलाचा. अतिगाळणाच्या पटलाची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाएवढी असतात. त्यांत जिवाणू अडकतात, परंतु औषधाचा रेणू त्याहून कितीतरी लहान असल्याने सहज निसटतो. नॅनोगाळणाची छिद्रे साधारण एका नॅनोमीटरची. तेथे मात्र बहुतेक औषधे व कीटकनाशके अडतात. पॅरिसच्या उत्तर उपनगरांसाठी मेरी-सुर-वाझ येथे १९९९ पासून नदीचे पाणी याच रीतीने गाळले जाते. आपल्या परिचयाचे ‘आर.ओ.’ याहूनही घट्ट विणीचे. त्याचे व्यवहार्य पटल सिडनी लोब यांच्यासह घडवणारे श्रीनिवास सौरिराजन हे मूळचे भारतीय, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

तरीही हे पटल अभेद्य नव्हे. कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीत २००८ पासून सांडपाणी शुद्ध करून भूजलात मुरवले जाते. तेथे काही लहान, विद्युत्‌भाररहित रेणू आर.ओ.मधूनही पार होतात. त्यांच्यासाठी पुढे अतिनील किरण व हायड्रोजन पेरॉक्साइड योजावे लागते.

खरा प्रश्न मात्र पटलाच्या अलीकडे आहे. पटल प्रदूषक नष्ट करीत नाही, केवळ वेगळे करते. शंभर लिटरांपैकी ऐंशी लिटर शुद्ध होऊन निघाले, तर उरलेल्या वीस लिटरांत तेच द्रव्य जवळजवळ पाचपट दाट होते. ते ओढ्यात सोडले, तर ओढ्यात जाणारे प्रतिजैविक तसूभरही कमी होत नाही, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू पोसले जाण्याचा धोका तसाच राहतो. ओझोन, सक्रिय कोळसा किंवा बाष्पीभवन हे मार्ग आहेत, पण ते महागडे. म्हणून अशा उद्योगाचा प्रकल्प अहवाल हाती आला, तर पटलांच्या किमतीआधी या उरलेल्या पाण्याचा रकाना वाचावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

घरच्या यंत्राचीही गत तीच. एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी त्या बारीक नळीतून मोरीत जाते, अडवलेल्या साऱ्या द्रव्यांसह.