चाकांवरचं घर : उलाळ की धुरजड?

मुलांनो, सुट्टीत गावोगाव फिरायचं, पण हॉटेल शोधायचं नाही, पिशव्या रोज उघडायच्या-भरायच्या नाहीत, रात्री आपल्याच गादीवर झोपायचं आणि सकाळी खिडकी उघडली की समोर नवीनच नदी! असं झालं तर? घरच बरोबर घेऊन निघालो तर?

अशा चाकांवरच्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. तिच्या दोन जाती. पहिलीत मोटार आणि घर एकच असतं. दुसरीला स्वतःचं इंजिनच नसतं. ती जीपच्या मागं जोडायची आणि ओढत न्यायची. मुक्कामाला पोचलं की घर सोडून ठेवायचं आणि जीप घेऊन भटकायला मोकळं! आज आपण या दुसऱ्या जातीची गोष्ट बघणार आहोत. तीही गुळगुळीत रस्त्यावरची नाही बरं का, तर पेण-रोह्याकडच्या खड्ड्यांची, चिखलाची आणि खिंडीची.

आपल्याकडे अशी घरं अजून क्वचितच दिसतात. पण महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. या गाड्या उभ्या करायला पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेली ठिकाणं तयार व्हावीत, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे उद्या तुमच्याही घरात “बाबा, आपण घेऊ या ना!” असा हट्ट सुरू होऊ शकतो. मग दुकानात गेल्यावर आधी काय बघायचं? पलंग किती? फ्रिज आहे का? थांबा. त्याआधी एका बैलगाडीवाल्याला विचारायला हवं.

आजोबांचे दोन शब्द

माझं लहानपण पेणजवळच्या एका खेड्यात गेलं. भाताची पोती गिरणीवर न्यायची असली की आजोबा बैलगाडी जुंपायचे आणि आम्ही पोरं मागच्या बाजूला पाय सोडून बसायचो. एकदा चढ लागला. दोन पोती घसरून मागं आली. त्यात आम्ही चौघं मागच्या टोकाला. बघता बघता गाडीची दांडी वर उचलली गेली आणि जू बैलांच्या मानेवरून उठलं. गळ्याखालचे पट्टे आवळून बैलांचे डोळे मोठे झाले. आजोबा ओरडले, “उलाळ झाली रे! पुढं सरका!” आम्ही धडपडत पुढं गेलो, तशी दांडी खाली आली. गाडी थांबवून आजोबांनी आधी बैलांच्या माना चोळल्या आणि मग आमचे कान.

दोन चाकांच्या गाडीत मागं ओझं जास्त झालं की ती ‘उलाळ’ होते, दांडी वर जाते. पुढं ओझं जास्त झालं की ती ‘धुरजड’ होते आणि सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. दोन्ही वाईट. चांगला गाडीवान पोती अशी रचतो, की मानेवर थोडासाच भार राहील. चढाला तो स्वतः पुढं सरकतो, उताराला मागं.

आता बैलांच्या जागी जीप आणि दांडीच्या जागी लोखंडी जोड ठेवा. झाली की कॅराव्हॅन! शब्द जुने, शास्त्र तेच.

करून पाहा : पेन्सिल आडवी ठेवून तिच्यावर मधोमध फूटपट्टी ठेवा. पेन्सिल म्हणजे आस, फूटपट्टी म्हणजे गाडी. आता एक नाणं मागच्या टोकाला ठेवा. पुढचं टोक उचललं गेलं? ही झाली उलाळ गाडी. तेच नाणं पेन्सिलीच्या थोडं पुढं ठेवून पाहा. पुढचं टोक टेकलं, पण बोटानं सहज उचलता येतं. आपल्याला हवी ती ही गाडी.

डॉक्टर आणि त्यांचा पोपट

केवळ मौजेसाठी चाकांवरचं घर बांधून घेतलं ते एका डॉक्टरांनी. त्यांचं नाव विल्यम गॉर्डन स्टेबल्स. ते इंग्रजी आरमारात डॉक्टर होते आणि पुढं मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यातून ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, नावाची गाडी करून घेतली. दोन घोड्यांची. बरोबर नोकर, गाडीवान, कुत्रा आणि पोपट! इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडपर्यंत त्यांनी सुमारे २,००० किलोमीटर प्रवास केला. अरुंद रस्त्यावर एवढी मोठी गाडी समोरच्याला कळावी म्हणून त्यांचा नोकर तीन चाकी सायकलवरून पुढं जाऊन वर्दी द्यायचा.

पण त्या गाडीचं वजन होतं जवळजवळ दोन टन. चढ आला की घोड्यांचे हाल. म्हणजे पहिल्याच मौजेच्या प्रवासात पहिला प्रश्न कोणता निघाला? वजन!

आधी बेरीज, मग खरेदी

प्रत्येक मोटार किती वजन ओढू शकते हे तिच्या कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. ते गाडीबरोबरच्या पुस्तिकेत बघायचं. “आमची जीप दणकट आहे हो,” हे उत्तर चालत नाही. ओढणं सोपं, थांबवणं कठीण.

समजा, एका कॅराव्हॅनचं रिकामं वजन १,००० किलो आहे. आता सामान भरू या. पाण्याची टाकी ८० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा ८० किलो. बॅटरी ३०, जादा चाक २५, शेगडी, सिलिंडर आणि भांडीकुंडी ५०, पाच जणांचे कपडे-अंथरुणं ७५, खुर्च्या आणि तंबू ५०. झाले की नाही ३१० किलो? म्हणजे ओढायचे १,३१०! जीपची मर्यादा १,२०० असेल, तर हे घर आपलं नव्हे, मग फ्रिज कितीही छान असो. आई-बाबांनो, जाहिरातीत बहुधा रिकामं वजन मोठ्या अक्षरात असतं. आपण भरलेलं विचारायचं.

आता जोडावर किती भार हवा? जिथं अशी घरं घेऊन रानावनात फिरणारे पुष्कळ आहेत, त्या ऑस्ट्रेलियात ठोकताळा आहे एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के धरतात. शेवटी जीपचा आणि कॅराव्हॅनचा कारखाना सांगेल ती मर्यादा पाळायची. आपल्या उदाहरणात १० टक्के म्हणजे १३१ किलो. हा भार जीपच्या पाठीवर येतो. म्हणजे जीपमध्ये जणू दोन मोठी माणसं जास्त बसली!

तो मोजायचा कसा? ट्रक वजन करतात त्या वजनकाट्यावर जायचं. कॅराव्हॅन सोडवून, पुढच्या टेकूच्या चाकासह पूर्ण काट्यावर ठेवली, भरलं १,३१०. मग जीपला जोडून फक्त तिची मोठी चाकं काट्यावर ठेवली, भरलं १,१८०. वजाबाकी करा. १३०! हाच जोडावरचा भार. पाचवीतलं गणित, पण त्यावर अख्ख्या कुटुंबाचा जीव असतो.

गाडी शेपूट हलवते तेव्हा

तुम्ही म्हणाल, उलाळ झाली तर काय बिघडलं? जीपची मान थोडीच आवळणार आहे?

बिघडतं, आणि फार वाईट बिघडतं. मागं जड झालेली कॅराव्हॅन वेगात असताना बाजूनं मोठा ट्रक गेला किंवा वारा आला, की ती डावी-उजवीकडे झुलू लागते. गाडी शेपूट हलवते म्हणा ना! वेग कमी असेल तर झुलणं आपोआप थांबतं. वेग जास्त असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि शेवटी कॅराव्हॅन जीपलाच घेऊन उलटते. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारायचा नाही आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलेटरवरचा पाय काढायचा. कॅराव्हॅनचा ब्रेक वेगळा लावायची सोय असेल तर फक्त तोच हलकेच लावायचा.

पण खरा उपाय निघण्याआधीच करायचा असतो. जड वस्तू खाली आणि आसाच्या जवळ, किंचित पुढच्या बाजूला ठेवायच्या. वरच्या कपाटात फक्त उश्या आणि टॉवेल. मागच्या टोकाला सायकली बांधायचा मोह होतो, तो टाळायचा. लोखंडी पेटी एका टोकाला आणि पाण्याचे कॅन दुसऱ्या टोकाला, असंही करायचं नाही. तराजू जुळतो, पण झोका वाढतो.

पेणहून रोह्याला

आता मनातल्या मनात निघू या. पेणच्या बाजारातच पहिली परीक्षा. गल्ल्या अरुंद, वर विजेच्या तारा. म्हणून कॅराव्हॅन निवडताना रुंदी आणि उंची आधी बघायची. ती जीपपेक्षा फार रुंद असेल तर मागचं काही दिसत नाही; आरसे लांब दांड्यांचे लावावे लागतात. आपल्या रस्त्यांना लहान, एका आसाची किंवा मुक्कामाला छत उघडायची घडीची कॅराव्हॅनच बरी. खडबडीत वाटेवर नेणारीचं पोट जमिनीपासून उंच हवं. तिचं शेपूटही आखूड हवं, नाहीतर पऱ्यात उतरून वर चढताना ते जमिनीला घासतं. दोन्ही चाकं आपापली वर-खाली होणारी असली तर फार छान. नेहमीचा जोड म्हणजे ५० मिलिमीटरचा लोखंडी गोळा. रानवाटेसाठी मात्र सगळ्या बाजूंनी जास्त वळणारा जोड मिळतो, तो घ्यावा.

आणखी एक. ओढायच्या गाडीचीही नोंदणी लागते, तिला स्वतःची नंबराची पाटी असते. एम.एच. ०६ पाटीचं आर.टी.ओ. कार्यालय तर पेणलाच आहे, तेव्हा नियम तिथंच विचारून घ्यावेत.

वडखळ मागं टाकून आपण नागोठण्याला आलो. इथून रोह्याला जाताना भिसे खिंड लागते. चढताना इंजिनाची परीक्षा, उतरताना ब्रेकची. उतारावर मागचं घर जीपला ढकलत असतं. म्हणून वर असतानाच खालचा गिअर टाकायचा आणि सावकाश उतरायचं. कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक हवेत. काहींत, जीप मंदावली की घर जोडावर रेटतं आणि त्या रेट्यानंच त्याचा ब्रेक लागतो! काहींत विजेचे ब्रेक असतात. शिवाय जोड निसटलाच तर धरून ठेवायला साखळ्या हव्यात.

आणि मुलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. “आम्ही मागच्या घरात झोपून येतो” असं कितीही वाटलं तरी चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीही बसायचं नाही. सगळ्यांनी जीपमध्येच बसायचं, पट्टे लावून.

पावसाळ्यात रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर सरळ थांबायचं. फूटभर वाहतं पाणी छोटी मोटार तरंगवू शकतं, आणि कॅराव्हॅन तर एक हलकी पेटीच! ती आधी तरंगते आणि जीपला ओढून नेते.

मुक्काम कुठं करायचा?

कोलाडजवळ कुंडलिकेचा काठ बघून वाटेल, बस, इथंच! अगदी पाण्याला लागून! पण नदीच्या वरच्या अंगाला भिऱ्याचं टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली आणून १९२७ सालापासून तिथं वीज तयार होते आणि मग ते पाणी कुंडलिकेत येतं. त्याच पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. म्हणजे आभाळ निरभ्र असलं तरी पाणी सुटलं की नदी वाढते. तेव्हा घर पात्रात किंवा अगदी काठाला लावायचं नाही. गावात विचारून, जागामालकाची परवानगी घेऊन, उंच आणि सपाट जागा निवडायची. चाकांना आधी दगड लावायचे, मगच जीप सोडवायची. आणि निघताना आपला कचरा आपल्याच घरात भरून न्यायचा.

घर मागं घेऊन जागेवर लावणं ही मात्र खरी करमणूक. जीप मागं घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅराव्हॅन जाते डावीकडे! युक्ती अशी : स्टिअरिंग खालच्या टोकाला धरायचं. मग घर ज्या बाजूला न्यायचंय त्याच बाजूला हात सरकवायचा. शिकण्यासाठी रिकामं मैदान बघा. मागं उभं राहून खाणाखुणा करायला घरातलं एकच मोठं माणूस ठेवा, आणि तेही चालकाला आरशात दिसेल अशा जागी. पाच जण पाच दिशांनी “अजून घ्या, अजून घ्या” ओरडले, तर घर नक्की गटारात!

घ्यायची घाई मात्र नको. आधी मिळाली तर भाड्यानं दोन दिवस नेऊन पाहा. ते नाही जमलं तरी एक काम आजच करता येईल. कोणी गावाकडचे जुने गाडीवान आजोबा भेटले तर त्यांना विचारा, “उलाळ म्हणजे काय हो?” बघा, त्यांचा चेहरा कसा खुलतो ते. ते हातवारे करून सांगतील ते नीट ऐकून घ्या. उद्या बाबा सायकली मागं बांधायला निघाले, तर त्यांना थांबवणारं घरात कोणीतरी हवं ना? ते तुम्ही असाल!