विश्लेषण : सातबारा आणि आधार एकमेकांना का ओळखत नाहीत?

तुमसर तालुक्यातील किल्ल्याचे गाव कुठे ‘आंबागड’ असे लिहिले जाते, तर कुठे ‘अंबागड’. वाचणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. संगणकाला मात्र ती दोन वेगळी गावे वाटतात. शेतकऱ्यांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणणाऱ्या ‘अ‍ॅग्रिस्टॅक’ योजनेची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

नेमके काय जोडले जात आहे?

जमिनीचा हक्क गाव नमुना सातमध्ये, पिकाची नोंद नमुना बारामध्ये, माणसाची ओळख आधारमध्ये आणि अनुदान बँक खात्यात. ही माहिती आजवर आपापल्या कप्प्यात होती. अ‍ॅग्रिस्टॅकमध्ये शेतकरी, त्याच्या शेताचा नकाशा आणि हंगामातील पीक असे तीन संच जोडले जातात. त्यांचा दुवा म्हणजे ११ अंकी शेतकरी ओळख क्रमांक. राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी तो १५ एप्रिल २०२५ पासून अनिवार्य आहे.

गाडी अडते कुठे?

दोन याद्या जोडायच्या तर दोन्हींत समान धागा हवा. जुन्या सातबारा नोंदींत आधार क्रमांक नव्हता, त्यामुळे जुळणी नावावर येते. नाव हा तर सर्वांत कच्चा धागा! सातबारावर ‘रामा’, आधारवर ‘रामचंद्र’. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, कुठे गायब. माहेरच्या जमिनीवर मुलीचे लग्नाआधीचे नाव आणि आधारवर सासरचे. नावे पुरेशी जुळली नाहीत, की अर्ज महसूल यंत्रणेकडे पडताळणीला जातो आणि तिथे वेळ लागतो.

गावाच्या नावाचा प्रश्न त्या मानाने सोपा. केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. स्पेलिंग काहीही असो, आकडा एकच.

मयत खातेदारांचे काय?

सातबारावर आजोबांचे नाव आणि बांधीत राबतो नातू, हे चित्र नवे नाही. आधारशी जोडायला तो खातेदारच हयात नाही. म्हणून राज्यभर १ एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून वारसांच्या नोंदी घेण्यात आल्या. खरे तर हे काम जोडणीच्या कितीतरी आधी व्हायला हवे होते.

शेतकऱ्याने काय पाहावे?

सातबारा, आठ-अ आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षरशः ताडून पाहावे. दुसऱ्या गावात जमीन असेल तर तेथील गट क्रमांकही नोंदणीत आले आहेत का, हे तपासावे. एकच गाव भरून परतणारे बरेच असतात. सामाईक खात्यात प्रत्येक खातेदाराची नोंदणी वेगळी होते. ई-पीक पाहणी वेळेत करावी. धान पट्ट्यात तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको : आधारभूत केंद्रावर विक्रीची नोंदणी करताना सातबारावर धानाचा पेरा दिसावा लागतो.

ठेक्याने, बटईने कसणारे कुठे?

मूळ नोंदीत जे आहे, तेवढेच जोडणीनंतर दिसते. बटईदाराचे नाव सहसा सातबारावर नसते. घाम त्याचा असला तरी ओळख क्रमांक मात्र मालकाच्या नावे निघतो. त्याची नोंद घ्यायची कुठे, हे आधी ठरवावे लागेल. सॉफ्टवेअर ते ठरवू शकत नाही.