सुई, पंप आणि पुन्हा सुई

पेण-रोह्याच्या जुन्या दवाखान्यांत रात्री-अपरात्री दम्याचा रुग्ण आला की काय द्यायचं, हे कंपाउंडरलाही पाठ असे: डेरिफायलिन आणि डेकाड्रॉन. पहिलं आवळलेल्या श्वासनलिका सैल करणारं, दुसरं स्टिरॉइड. खांदे वर ओढून श्वास घेणारा माणूस काही वेळात भिंतीला टेकून बसे, पाणी मागे, आणि घरची मंडळी म्हणत, ‘सुई लागू पडली.’ दम्याला सुईच लागते ही समजूत इथे रुजली ती अशी. त्या सुईनं अनेकांची रात्र निभावली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आजार मात्र जागच्या जागी राहिला. आज दम्याच्या उपचारात पुन्हा सुईचं नाव निघतं, पण ही सुई त्या सुईची कोणी लागत नाही. मधल्या पन्नासेक वर्षांत काय घडलं आणि काय घडायचं राहून गेलं, ते बघितल्याशिवाय नव्या सुईचा अनुभव नीट कळत नाही.

आधी इथली हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे जून ते ऑक्टोबर भिंतींना ओल, कपाटात बुरशी आणि न वाळलेल्या गोधड्या. अंथरुणातल्या धुळीत राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांना अशी दमट हवा फार मानवते. उन्हाळ्यात शेतात राब भाजण्याचा धूर, दिवाळीच्या पुढेमागे भाताची झोडणी, घरात चूल. पेणकडे हमरापूर, जोहे, कळवे ह्या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. शाडूच्या जोडीला प्लॅस्टर आल्यापासून मूर्ती साच्यातून काढून पॉलिश पेपरनं घासायची, मग फवाऱ्यानं रंग मारायचा. घासणीला बसलेल्यांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असतात. रोह्याला धाटावची रासायनिक वसाहत. त्यात २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण सुरू झालं आणि वडखळच्या कोंडीत धूळ खात बसणं नित्याचं झालं. यातल्या कशाचा किती वाटा, हे मोजून सांगणं कठीण. रुग्णाला विचाराल तर तो आपापलं उत्तर ठामपणे देतो: कोणी राब म्हणतो, कोणी पावडर, कोणी नुसतं ‘आभाळ आलं की’.

डॉक्टरांच्या सुईखेरीज बाकीचे उपायही चालूच होते. अडुळशाचा काढा घरोघरी. त्याला हसू नये. अडुळशातल्या वॅसिसिनवरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. कोजागिरीच्या रात्री खिरीतून मिळणारं औषध, आणि मृगाला हैदराबादला जाऊन बथिनी गौड कुटुंबाच्या हातून जिवंत माशासकट गिळायचं औषध. ह्यांचा गुण सिद्ध झालेला नाही. पण एवढा प्रवास करून रांगेत उभं राहणारा माणूस भोळाच असतो असं नाही. एक दिवस औषध घ्यायचं आणि वर्षभर सुटायचं, ही त्याची इच्छा होती. हे वचन त्याला दवाखान्यात कोणी देत नव्हतं.

मग पंप आला. मोजून मात्रा सोडणारा इनहेलर अमेरिकेत १९५६ साली निघाला, लगेच मोकळं करणारं साल्ब्युटामॉल १९६९ साली ब्रिटनमध्ये. आपल्याकडे सिप्लानं १९७०च्या दशकाच्या अखेरीस इनहेलर बाजारात आणले. औषध थेट छातीत जातं, म्हणून मात्रा अगदी कमी पुरते आणि अंगभर दुष्परिणाम फारसे होत नाहीत. दम्याच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी सुधारणा, आणि आपल्याकडे ती सगळ्यात जास्त संशयानं बघितली गेली. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ‘मुलीला पंप आहे हे सोयरिकीत कळायला नको’. त्यातूनही पंप घेतलाच तर लगेच मोकळं करणारा घेतला. सूज आटोक्यात ठेवणारा, रोज घ्यायचा स्टिरॉइडचा पंप ‘बरं वाटतंय’ म्हणून फळीवर गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीत, तीव्र दम्याची लक्षणं असणाऱ्यांपैकी ७० टक्के लोकांना दमा असल्याचं निदानच झालेलं नव्हतं, आणि रोज स्टिरॉइडचा पंप घेणारे ५ टक्क्यांहूनही कमी होते. जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात, दम्यानं होणारे मृत्यू मात्र ४० टक्क्यांच्या वर. ह्या दोन आकड्यांमधल्या अंतराचा मोठा भाग त्या फळीवरच्या पंपात आहे, असं मला वाटतं.

नव्या सुईची गोष्ट सुरू होते १९६६-६७ साली. डेन्व्हरमध्ये इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ॲलर्जी घडवणारं आयजीई हे प्रतिपिंड शोधलं. त्यालाच पकडून निकामी करणारं ओमालिझुमॅब हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २००३ उजाडलं. दुसरी वाट इओसिनोफिल ह्या पांढऱ्या पेशींची. त्यांना पोसणारा संदेश तोडणारं मेपोलिझुमॅब २००७ साली सरसकट सगळ्या दमेकऱ्यांना देऊन बघितलं, तर उपयोग जवळजवळ शून्य. औषध बासनात जायचं, पण लेस्टरमध्ये ६१ आणि कॅनडात हॅमिल्टनला परमेश्वरन नायर यांनी २० रुग्ण निवडून घेतले: पुरेसे उपचार करूनही ज्यांच्या इओसिनोफिल चढ्याच राहतात असे. २००९ साली दोन्ही अभ्यासांचे निकाल आले. झटके स्पष्ट कमी झाले होते, स्टिरॉइडच्या गोळ्या उतरवता येत होत्या. चूक औषधात नव्हती, माणसं निवडण्यात होती. २०१५ साली ते मंजूर झालं. पाठोपाठ बेनरालिझुमॅब, ड्युपिलुमॅब आणि २०२१ अखेर टेझेपेलुमॅब.

ही निवड पेण-रोह्यात आणून बघा. इओसिनोफिलचा आकडा कुठल्याही गल्लीतल्या लॅबच्या साध्या रक्ततपासणीत छापून येतो. पण आदल्या आठवड्यात दवाखान्यात डेकाड्रॉन टोचून घेतलं असेल, किंवा घरात उरलेल्या बेटनेसॉल ह्या स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर तो आकडा दबतो आणि जुनी सुई नव्या सुईची वाट अडवते. उलट, पावसात अनवाणी लावणी करणाऱ्याच्या पोटात जंत असतील तर इओसिनोफिल आणि आयजीई दोन्ही वर जातात, तिथे आधी जंतांचं औषध. आणि मुळात पंप नीट ओढता येत नसेल तर तो ‘तीव्र दमा’ नव्हेच, तो उपचार न झालेला दमा. एकूण दमेकऱ्यांत खरा तीव्र दमा पाच ते दहा टक्के धरतात. म्हणून चांगला छातीतज्ज्ञ पहिल्या भेटीत सुई लिहून देत नाही, समोर पंप ओढून दाखवायला सांगतो. कामोठ्यापर्यंत किंवा मुंबईपर्यंत प्रवास करून आलेल्या रुग्णाला हे अपमानासारखं वाटतं, हेही खरं.

सुई सुरू झाली की पहिला अनुभव बहुधा निराशेचा असतो. ओमालिझुमॅबच्या कुपीतली भुकटी विरघळायलाच वीसेक मिनिटं घेते, हलवून चालत नाही. मग दंडात टोचून झाल्यावर पहिल्या काही वेळा दोन-दोन तास तिथेच बसायचं, कारण हजारात एक-दोघांना गंभीर ॲलर्जी येऊ शकते. आणि एवढं करून लगेच काहीच होत नाही. डेरिफायलिनची सवय झालेल्या माणसाला सुई म्हणजे टोचताच मोकळं वाटणं, इथे निकाल बघायचा तो सोळा आठवड्यांनी. ही सुई धाप लागलेली असताना सोडवायला नाही, धाप लागू नये म्हणून, बरं असताना घ्यायची.

ज्यांना ती लागू पडते ते सांगतात त्यात चमत्काराचा सूर नसतो, न घडलेल्या गोष्टींची यादी असते. रात्री रिक्षा बोलवावी लागली नाही. पावसाळा गेला आणि दाखल झालो नाही. दोन उशा रचून बसल्या बसल्या झोपणं सुटलं. गोळ्यांनी आलेली चेहऱ्याची सूज उतरली, साखर जरा आवरली. नाकात कोंब असलेल्यांना काही औषधांनी वास परत येतो, आणि सुक्या मासळीच्या मुलखात ती बातमी घरभर होते. पण स्टिरॉइडच्या गोळ्या उतरवतानाचे महिने जड जातात: सांधे दुखतात, अंगातलं त्राण जातं, कारण शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवायचं विसरलेलं असतं. घाई केली तर जिवावर बेततं. काहींचा पुढच्या सुईआधीचा आठवडा कठीण जातो. आणि काहींना काहीच फरक पडत नाही. त्यांचा दमा वेगळ्या जातीचा असतो, औषध बदलावं लागतं किंवा थांबवावं लागतं. बरं वाटू लागताच पंप सोडून देणारे भेटतात ते वेगळेच. पन्नास वर्षांची खोड आहे.

शीतपेटीचा प्रश्न कंपनीच्या माहितीपत्रकात एका ओळीत उरकतो: २ ते ८ अंशांत ठेवा. पेणला किंवा रोह्याला ही ओळ म्हणजे बर्फाच्या पाकिटांत गुंडाळलेली कुपी, पनवेलहून निघालेली गाडी आणि वडखळचा नाका. ड्युपिलुमॅब बाहेर ठेवायचंच तर १४ दिवस टिकतं, पण २५ अंशांपर्यंत. रोह्यात मेच्या रात्रीही पारा तिथवर उतरेल याचा भरवसा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा दक्षिण रायगडात कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती, वर टाळेबंदी. तेव्हा ज्याच्या फ्रिजमध्ये अशी कुपी असेल त्यानं काय केलं असेल, ह्याचा विचार औषध लिहिणाऱ्यानं कधी तरी करावा.

पैशाचं गणित सरळ क्रूर आहे. एका मात्रेची किंमत पाच आकड्यांत. ओमालिझुमॅबची मात्रा वजन आणि आयजीईवर ठरते, त्यामुळे एखाद्याला महिन्याला एक कुपी पुरते तर दुसऱ्याला दर पंधरवड्याला चार. रायगड हा २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झालेल्या पहिल्या आठ जिल्ह्यांपैकी. तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. पण त्या योजनेचा पिंड दाखल होणाऱ्या रुग्णाचा. झटका येऊन अतिदक्षता विभागात पोचलात तर ती पाठीशी उभी राहू शकते; तो झटका टाळायला महिन्याला अर्धा तास येऊन सुई घ्यायची म्हटली तर तिच्या चौकटीत जागा शोधावी लागते. विमा नियामकानं २०१९ साली सुईवाटे द्यायच्या मोनोक्लोनल प्रतिपिंडांना विमा संरक्षणाच्या यादीत घेतलं, तरी ‘दाखल नव्हता’ आणि ‘उपमर्यादा’ ह्या दोन शब्दांवर दावे अडतात. परिणाम असा की बरेच जण तीन-चार मात्रा घेतात, बरं वाटू लागतं, पैसे संपतात.

म्हणून डॉक्टरांना हटकून विचारला जाणारा प्रश्न: ‘ही सुई कधी बंद होणार?’ त्याला अर्धं उत्तर आहे. पाचेक वर्षं ओमालिझुमॅब घेतलेल्यांवर एक चाचणी झाली, २०१७ साली तिचे निकाल आले. सुई चालू ठेवलेल्यांपैकी ६७ टक्क्यांना पुढच्या वर्षात एकही झटका आला नाही. बंद केलेल्यांत हे प्रमाण सुमारे ४८ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे जण सुईविना वर्षभर निभावले. कोण निभावेल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून काही डॉक्टर एकदम न थांबवता दोन मात्रांमधलं अंतर वाढवत नेतात. दरम्यान ओमालिझुमॅबची कोरियन कंपनीनं बनवलेली प्रतिकृती २०२४ साली युरोपात आणि २०२५ साली अमेरिकेत मंजूर झाली आहे. किमती उतरल्या तर तीन-चार मात्रांनंतर पैसे संपलेल्यांना पुन्हा विचारता येईल. तोवर अंतर वाढवायचंच असेल, तर ते मूर्तींची घासणी थंडावल्यावर वाढवावं, ऐन हंगामात नको, एवढं पेणच्या कारागिरानं डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. डॉक्टर मुंबईचे असतील तर त्यांना हे कुठून ठाऊक असणार?