टॅपेट बोलतात, तोवर बरं

वसई-विरारमध्ये दुचाकी सहजासहजी निवृत्त होत नाही. आगाशी-निर्मळच्या वाड्यांतून ती ओझी वाहते, वालीव-सातिवलीच्या कारखान्यांत कामगारांना पोचवते आणि संध्याकाळी वसई फाट्याच्या कोंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तापत राहते. वसईला एमएच-४८ मिळण्याआधीची, म्हणजे पाटीवर अजून एमएच-०४ असलेली हिरो होंडा किंवा लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट इथे रोज राबताना दिसते.

अशा गाडीचा मालक गॅरेजात येतो आणि सांगतो, "टॅपेट वाजतायत, जरा टाइट करून द्या." मेकॅनिक गरम इंजिनावरच झाकण उघडतो, अंदाजाने स्क्रू फिरवतो, आवाज बंद होतो. मालक खूश होतो. खरं तर काळजी इथून सुरू व्हायला हवी. वाजणारा टॅपेट गाडीला लगेच मारत नाही; गप्प झालेला टॅपेट मात्र व्हॉल्व्ह जाळू शकतो.

फट कशासाठी?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. कॅम रॉकरला उचलतो, रॉकर व्हॉल्व्हला दाबतो. व्हॉल्व्ह तापला की लांबतो. त्या लांबण्याला जागा हवी म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात थोडी फट ठेवलेली असते; टॅपेट सेटिंग म्हणजे हीच फट जुळवणं. १९८५ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीडी-१०० मध्ये ही फट ०.०५ मिलिमीटर असते. वहीच्या कागदाची जाडी साधारण याच्या दुप्पट भरते.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असतानाच हेडला देतो. फट संपली की तो पुरता टेकत नाही, उष्णता जायला वाट उरत नाही आणि पेटलेला वायू त्याच्या कडेतून निसटू लागतो. कड जळते, कम्प्रेशन जातं, आणि टॅपेट सेटिंगवर भागणारं काम हेड उतरवण्यावर जातं.

फट दोन्ही दिशांनी बदलते. रॉकरचं टोक किंवा कॅम झिजला, लॉक नट सैल पडला तर ती वाढते आणि टिकटिक सुरू होते. व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेला तर त्याची दांडी वर येते आणि फट कमी होते. ही दुसरी झीज आवाज करत नाही. तिची लक्षणं वेगळी: गरम गाडी किकला दाद देत नाही, स्लो थरथरतो, वरसावे पुलाच्या चढावर पिकअप मिळत नाही, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट येते. यातलं काही दिसलं आणि टॅपेट अगदी शांत असतील, तर आधी फट तपासा.

आवाज कुठला?

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी, ही युक्ती जुनी असली तरी उत्तम आहे. टॅपेटची टिकटिक बारीक, नियमित आणि हेडच्या झाकणापाशी सर्वांत स्पष्ट असते. हिरो होंडात डाव्या बाजूची खडखड, थ्रॉटल देता-सोडताना बदलणारी, बहुधा टायमिंग चेन किंवा टेन्शनरची. थंड असताना येणारा आणि गाडी तापल्यावर कमी होणारा ठोका पिस्टनचा असू शकतो. सायलेन्सरचा गॅस्केट फुटला तरी हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. बेंड पाइपच्या तोंडाशी काजळी दिसली तर स्क्रू फिरवून उपयोग नाही.

पावसाळ्यानंतर आणखी एक तपासणी हवी. जुलै २०१८ च्या पुरासारखं पाणी वसई-नालासोपाऱ्यात भरतं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या इंजिनापर्यंत बुडतात. ऑइल दुधाळ झालं असेल तर गाडी सुरू करायचीच नाही. अशा ऑइलवर कॅम आणि रॉकर झपाट्याने झिजतात. प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढा, ऑइल बदला. टॅपेटचा विचार त्यानंतर.

हिरो होंडा सीडी-१०० चं सेटिंग

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. टॅपेटच्या झाकणांभोवतीची माती-वाळू पुसून ती उघडा, प्लग काढा. डाव्या बाजूच्या दोन गोल टोप्या उघडून मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि त्यावरची 'टी' खूण केसिंगच्या खुणेशी जुळवा. आता दोन्ही रॉकर बोटांनी किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या फेरीत वर आला आहे; पूर्ण एक फेरा द्या.

मग फिलर गेजची ०.०५ ची पट्टी स्क्रू आणि व्हॉल्व्ह यांच्यात सरकवा. ती हलक्या घर्षणाने जायला हवी. नट सैल करण्याआधी, आहे ती फट किती, हे मोजून लिहा. फट बदलायची असेल तर नऊचा लॉक नट सैल करा, स्क्रू फिरवा, तो धरून ठेवत नट आवळा आणि पुन्हा मोजा, कारण नट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो.

इथे एक मेख आहे. जुन्या गाडीत सततच्या ठोक्यांनी स्क्रूच्या टोकाला किंवा व्हॉल्व्हच्या माथ्याला खळगा पडतो. फिलरची सपाट पट्टी त्या खळग्यावर पुलासारखी बसते, गेज ०.०५ सांगतं, प्रत्यक्ष फट जास्त असते. सेटिंग बरोबर आणि आवाज तसाच, हे याचं लक्षण. अशा वेळी आवाज जाईपर्यंत टाइट करणं म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा बळी देणं. उपाय झिजलेला भाग बदलण्याचाच.

बुलेटची रीत

जुन्या ३५० बुलेटचा लोखंडी सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकचा. तिचे टॅपेट हेडवर नव्हे, तर उजव्या बाजूच्या छोट्या झाकणाआड, पुशरॉडच्या खालच्या टोकाशी जुळवतात. तिथे फिलर लागत नाही. थंड इंजिनात पिस्टन कम्प्रेशनवर वर आणायचा आणि पुशरॉड चिमटीत धरून फिरवायचा. तो अडखळल्याशिवाय फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये. दोन्ही पुशरॉड याच कसोटीला लावायचे आणि लॉक नट आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहायचे. २००९ मध्ये आलेल्या क्लासिकच्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते ऑइलच्या दाबावर स्वतः जुळतात. तिथे टिकटिक आली तर आधी ऑइल बघावं. राजदूत, जुनी येझदी, आरएक्स-१०० या टू-स्ट्रोक गाड्यांना मुळात टॅपेटच नाहीत.

वहीतला आकडा

स्क्रू फिरवणं पाच मिनिटांचं काम आहे. खरी किंमत फिरवण्याआधी घेतलेल्या मापाची आहे. दर सर्व्हिसिंगला तारीख, किलोमीटर आणि सापडलेली फट, इनटेकची वेगळी, एक्झॉस्टची वेगळी, अशी नोंद ठेवा. एक्झॉस्टची फट दर वेळी घटलेली सापडली तर सीट खचते आहे आणि हेडचं काम जवळ आलं आहे, हे गाडी बंद पडण्याआधीच कळतं. न मोजता आवळणारा मेकॅनिक हा पुरावाच पुसून टाकतो. म्हणून पुढच्या वेळी गॅरेजात गेलात की "आवाज घालवा" म्हणू नका. "आधी किती फट आहे ते सांगा," एवढं विचारा, आणि तो आकडा लिहून घेतल्याशिवाय स्क्रूला पाना लावू देऊ नका.